ओढ्यात जन्मलेला

सुरतेत तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न जन्मभर सोबत करीत असतो. शेजारचे गुजराती गृहस्थ जिव्हाळ्याने विचारतात, ‘तमे मूळ क्यांना?’ पुण्या-मुंबईकडच्या लग्नात आपले बोलणे दोन मिनिटे ऐकून घेतल्यावर कोणी आत्याबाई विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले हो?’ शेजाऱ्यांना आपण महाराष्ट्रातील एखाद्या गावाचे नाव सांगतो. ते गाव आपण पाहिलेले असतेच असे नाही. आत्याबाईंना ‘सुरतेचे’ म्हणून सांगतो, आणि ‘ते ठीक, पण मूळचे?’ हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच राहतो. आपल्या मंडळाच्या बहुतेक वाचकांनी हा अनुभव घेतला असेल, म्हणून त्याचे अधिक वर्णन करीत नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, या प्रश्नावर माझा जो काही विचार झाला तो बहुतेक ओढ्याकाठी, हातात गळाची काठी धरून बसलो असताना झाला. आणि त्या विचाराला वळण मिळाले ते एका परदेशी माशामुळे.

गळाने मासे धरणे हा छंद म्हणून सांगण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. कोळी, भोई, माछी यांचा तो व्यवसाय. इतरांनी मासळी बाजारातून आणावी, असा रिवाज. सुरतेच्या शाकाहारी शेजारात तर ही गोष्ट चारचौघांत बोलण्याचीही नव्हे. परंतु आमच्या घरी हा नाद तीन पिढ्या चालत आला. आमचे पणजोबा कुलाबा जिल्ह्यातून गायकवाडी नोकरीत आले. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सोनगडला ठाणे केले, आणि तेव्हापासून या मुलखात शिलेदार, कारकून, भिक्षुक असे मराठी लोक थोडेथोडे येऊन राहिले. त्यांतलेच आमचे एक घर. नवसारी प्रांतातील व्यारा महालाच्या कचेरीत आधी पणजोबा व त्यांच्यामागून आजोबा कारकुनी करीत होते. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर आजोबा सुरतेस आले व नानपुऱ्यात बिऱ्हाड केले. व्यारा सुटले, पण व्याऱ्याचे ओढे सुटले नाहीत. सुटीच्या दिवशी पहाटेची गाडी धरून ते मला घेऊन निघत. मिंढोळा, पूर्णा, अंबिका या नद्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. आजोबांचे लक्ष मात्र त्यांना मिळणाऱ्या, नकाशात नाव नसलेल्या ओढ्यांवर असे. सागाच्या रानातून, गोट्यांवरून खळखळत येणारे, गुडघाभर पाण्याचे ओढे. मोठ्या नदीत मासा मोठा मिळतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. ओढ्यातला मासा ओढ्याचाच असतो, असे ते म्हणत.

त्यांची सामग्री साधी होती. बारीक वेळूची काठी, सुरतेच्या जरीकामातला उरलेला रेशमी दोरा, आणि टोकाला अगदी लहान गळ. आमिष म्हणून गांडूळ ते क्वचितच लावीत. कोंबड्याच्या मानेवरचे पीस घेऊन, शिवणाच्या दोऱ्याने ते गळाला असे काही बांधीत की पाण्यावर पडल्यावर ते हुबेहूब माशी वाटावे. ‘माशीने मासा धरायचा,’ हा त्यांचा आवडता विनोद. ही माशी वाहत्या पाण्यावर अलगद सोडायची, दगडाच्या आडोशाच्या जरा वरच्या अंगाला, आणि प्रवाहाने तिला खाली नेऊ द्यायचे. आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. सावली पडली की तो आडोसा अर्धा तास रिकामाच समजावा.

या माशीवर झडप घालणारा मासा वीतभरही नसे. अंगाने सडपातळ, रुपेरी, पाठीकडून खाली उतरणारे निळसर आखूड पट्टे, खवल्यांवर काळे ठिपके. आजोबांनी त्याला नाव दिले होते ‘पट्टेवाला’. कचेरीतला पट्टेवाला जसा साहेबाच्या दाराशी सदा उभा, तसा हाही प्रवाहाच्या तोंडाशी, डोके धारेकडे करून उभा असे. आलेला किडा पाण्यावरच टिपायचा आणि पुन्हा आपल्या जागी. साचलेले, गढूळ पाणी त्याला चालत नाही. धार हवी, तळाशी खडे हवेत. शास्त्रज्ञ या माशाला बॅरिलियस म्हणतात. त्याच्या बेंडेलिसिस या जातीचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८०७ सालच्या आपल्या म्हैसूरच्या प्रवासवृत्तात केले. तापी, नर्मदा, गोदावरी, कृष्णा या सर्व नद्यांच्या डोंगराकडच्या ओढ्यांत तो आढळतो.

दहा-बारा पट्टेवाले मिळाले की दिवस सार्थकी लागला. घरी आल्यावर आजी गच्चीवर शेगडी पेटवी. खालच्या मजल्यावर एक वणिक कुटुंब राहत होते, त्यांच्या स्वयंपाकघराकडे वास जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून शेगडीची जागा ठरे. हळद, तिखट, चिंचेचा कोळ लावून ते मासे अगदी थोड्या तेलावर परतायचे. त्या कुटुंबास हे सारे ठाऊक होते. आमची शेगडी गच्चीवर चढली की त्यांच्या घरातल्या बा आपले पापड दुसऱ्या दिवशी वाळत घालीत. दोन्ही घरांनी या विषयावर चाळीस वर्षांत एक शब्द काढला नाही, आणि थंडीत उंधियूचे पातेले आमच्याकडे आल्याशिवाय राहिले नाही. परस्परांच्या ताटाकडे न पाहता जन्मभर शेजार करण्याची ही कला सुरतेने आपल्याला शिकविली, असे मला वाटते.

आता परदेशी माशाकडे वळतो. आजोबांच्या संग्रही एक जीर्ण इंग्रजी पुस्तक होते, हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’. थॉमस मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी. त्यांचे हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. गळाने मासे धरणाऱ्या इंग्रजांचा तो ग्रंथ. त्यात महसीरची थोरवी आहेच, पण पट्टेवाल्याच्या कुळातील बोला नावाच्या उत्तरेकडील माशाला त्यांनी हिंदुस्थानचा ट्राऊट म्हटले आहे. स्वच्छ वाहत्या पाण्यात राहतो, अंगावर ठिपके, माशीवर झेपावतो. म्हणून हे नाव. शास्त्रदृष्ट्या त्यांचा काही संबंध नाही. ट्राऊट हा सामन म्हणजे साल्मनच्या कुळातला, आणि आपला पट्टेवाला रोहू-कटल्याचा दूरचा भाऊबंद. परंतु परमुलखात गेलेल्या माणसाला घरचे काही आठवावे आणि समोर दिसेल त्याला त्याने तेच नाव द्यावे, हे आपल्याला नवे नाही.

पुढे नुसत्या नावाने इंग्रजांचे समाधान झाले नाही. त्यांना खरा ट्राऊट हवा होता. इंग्लंड-स्कॉटलंडमधील लहान ओढ्यांत राहणारा तपकिरी ट्राऊट, ज्याच्या सोनेरी कुशीवर काळे व तांबडे ठिपके असतात, तो त्यांच्या बालपणाचा मासा. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या छंदावर पुस्तक लिहिले तेव्हापासून या माशाभोवती इंग्रजी मनाचा एक कोपरा बांधला गेलेला आहे. १८६० च्या दशकात निलगिरीच्या डोंगरी ओढ्यांत ट्राऊट आणण्याचे प्रयत्न झाले, पण पुष्कळ वर्षे यश आले नाही. काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी पाठविलेली पहिली अंडी १८९९ साली वाटेतच नासली. १९०० च्या डिसेंबरात स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती जगली. श्रीनगरात गालिचांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांनी पिल्ले वाढविली. हारवानला पैदास केंद्र झाले. आणि तिथून ही प्रजा लिद्दरसारख्या नद्यांत सोडली गेली. १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यांच्या प्रयत्नाने काश्मीरची अंडी कुलू खोऱ्यात आली. या माशाला पाणी थंड लागते. हिवाळ्याच्या तोंडाशी मादी खड्यांत खळगा करून अंडी घालते, आणि ती अंडी बर्फाजवळच्या पाण्यातच नीट फुटतात. त्यामुळे सह्याद्रीच्या, डांगच्या ओढ्यांत तो कधी आला नाही व येणारही नाही. आमच्याकडचे पाणी त्याला कढत.

तो मासा प्रत्यक्ष पाहावा म्हणून निवृत्तीनंतर मी कुलूकडे, तीर्थन नदीच्या काठी गेलो. मत्स्यखात्याचा परवाना काढला, गावातला एक वाटाड्या घेतला. मुख्य नदी सोडून तो मला देवदारांच्या सावलीतल्या एका लहानशा उपनदीकडे घेऊन गेला. पाणी इतके गार की हात बुडवून शंभर आकडे मोजवेनात. दुपारपर्यंत काही नाही, मग दगडामागून एक ट्राऊट माशीला लागला. वीत-दीड वीत असेल. ओल्या हातावर क्षणभर घेतला. कुशीवरचे तांबडे ठिपके निळसर कड्यांत बसविलेले होते, एखाद्या सुरती कारागिराने मीनाकारी करावी तसे. वाटाड्याने तो निरखून पाहिला आणि म्हणाला, ‘बाबूजी, हा जंगली आहे. सोडून द्या, मोठा होऊ दे.’

मी विचारले, ‘जंगली कसा? हा तर विलायतेहून आणलेला.’

त्याचे उत्तर त्याच्या दृष्टीने इतके साधे होते की मी विचारले याचेच त्याला नवल वाटले. पैदास केंद्रातल्या हौदात वाढवून नदीत सोडलेला मासा वेगळा ओळखू येतो, असे त्याने सांगितले. त्याचे पर झिजलेले असतात, माणसाच्या सावलीला तो भीत नाही, आणि पुराचा अंदाज त्याला नसतो. हा मात्र याच पाण्यात अंड्यातून निघाला. याच्या आईबापांनी या ओढ्याचे पूर, बर्फ, दुष्काळ सोसले. मग तो जंगलीच की! पुढे वाचनात आले की, सगळ्या जगातले गळ टाकणारे हाच अर्थ घेतात. बाप कुठून आला हे ते विचारीत नाहीत. ओढ्यात जन्मला, ओढ्यानेच वाढविला, तो रानचा.

त्या संध्याकाळी मला फार बरे वाटले, हे कबूल करतो. स्कॉटलंडची अंडी शंभर वर्षांत हिमालयाची होतात. मग कुलाब्याचे कारकून दीडशे वर्षांत सुरतेचे का होऊ नयेत? मूळचे कुठले, या प्रश्नाला एका माशाने उत्तर दिले, अशा आनंदात मी परतलो.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर लेखन खोटे ठरेल. काश्मीर-हिमाचलच्या नद्या ट्राऊट येण्यापूर्वी रिकाम्या नव्हत्या. तिथे शायझोथोरॅक्स कुळातले मूळचे मासे होते, ज्यांना इंग्रजांनी पुन्हा आपल्याच सवयीने हिम-ट्राऊट म्हटले. ते शेवाळ खाऊन राहणारे, शांत. तर तपकिरी ट्राऊट शिकारी, दुसऱ्यांची पिल्ले खाणारा. धरणे, सांडपाणी, बेसुमार मासेमारी ही कारणे आहेतच, पण मूळच्या माशांच्या ऱ्हासात या पाहुण्याचाही वाटा आहे, असे मत्स्यतज्ज्ञ सांगतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांची जी यादी केली, तीत तपकिरी ट्राऊटचे नाव आहे. माझ्या तळहातावर क्षणभर विसावलेला तो देखणा जीव त्या यादीतला होता. ओढ्यात जन्मल्याने तो रानचा झाला हे खरे, आणि त्याच्या येण्याने कोणाची तरी जागा गेली हेही खरे. एका सत्याने दुसरे पुसले जात नाही.

हा विचार मनात घोळत असतानाच पुढच्या वर्षी डांगात आहव्याकडे जाणे झाले. तिथे एका कोकणा गृहस्थांशी ओळख झाली. वयाने माझ्याएवढेच, तरुणपणी वनखात्यात मजुरी केलेली, आता थोडी नागली-भाताची शेती. मी त्यांना दादा म्हणे. ते मला पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, दुसऱ्या दिवशी भाऊ. डांग महाराष्ट्राचा की गुजरातचा यावर १९६० पूर्वी केवढा वाद झाला हे वाचकांना स्मरत असेल. तो वाद ज्यांच्या बोलीवरून झाला, त्यांतलेच हे गृहस्थ. त्यांचे बोलणे ऐकले की मराठी, खानदेशी आणि गुजराती एकाच ओढ्याने वाहत आल्यासारख्या वाटतात. ओढ्याकाठी बसलो असता त्यांनीही तोच प्रश्न विचारला, भाऊ, तुम्ही मूळचे कुठले? मी म्हटले, कोकणातले. ते हसले. त्यांच्या जमातीत सांगतात की, दुर्गादेवीच्या मोठ्या दुष्काळात त्यांचे पूर्वज कोकणातून वर या डोंगरांत आले, म्हणूनच त्यांना कोकणा म्हणतात. तो दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरचा. ‘म्हणजे तुम्हीही आमच्याच वाटेने आलात,’ ते म्हणाले, ‘फक्त फार उशिरा निघालात.’

उशिरा निघण्याने पडलेला फरक मला त्यांच्या ओढ्यावर दिसला. आमच्या आजोबांना मासा कुठे उभा राहतो हे ठाऊक होते. दादांना तो कुठे उभा राहू द्यायचा हे ठाऊक होते. मृगाच्या पहिल्या पावसात पोटात अंडी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणात याला आपण चढणीचे मासे म्हणतो, आणि त्यांची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना ती विसरता येत नाही. दादांच्या पाड्यावर त्या संध्याकाळी बायका-मुले शेताच्या बांधाशी हाताला लागतील तेवढे मासे धरीत. मात्र ओढ्याच्या तोंडाला आडवे जाळे लावायचे नाही. वर जाणाऱ्याला वाट मोकळी ठेवायची. दुसरा नियम उन्हाळ्याचा. ओढा तुटतो, डोहाडोहांत पाणी उरते, त्या वेळी एक ठरलेला डोह कोणी उपसायचा नाही. तो बियाण्याचा. तिसरा नियम विषाचा. गुजराती लग्नात वधूवरांच्या मनगटाला जे मिंढळ बांधतात, आपले गेळफळ, ते कुटून पाण्यात टाकले की मासे गुंगी येऊन वर येतात. ही जुनी रीत दादांनाही ठाऊक होती. पण ती सणावारी, सगळ्या पाड्याने मिळून, एखाद्या तुटलेल्या डोहापुरती. एकट्याने, वाहत्या पाण्यात कधीही नाही.

हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनी देवीच्या डोहातले मासे कोणी धरीत नाही. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले महसीर महादेवाचे म्हणून निर्धास्त फिरतात. तिथे देवाचे नाव आहे, इथे ते नव्हते, विचार एकच. शेकडो वर्षे एका पाण्याकाठी राहिलेल्या लोकांना ते पाणी किती देऊ शकते याचा हिशेब कळतो. तो हिशेब कळेपर्यंत माणूस तिथे राहतो, पण तिथला होत नाही.

येथे आणखी एका परक्याची आठवण देतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे कंपनी सरकारच्या वतीने १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करीत होते. लोकसंख्या, पिके, पक्षी यांबरोबर त्यांनी मुळा-मुठा, भीमेकाठचे मासेही तपासले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या माशांवर निबंध ठेवला. नव्या जातींना आपल्या राजाचे किंवा मित्राचे लॅटिन नाव देण्याची त्या काळी प्रथा होती. साइक्सनीही क्वचित ती पाळली. परंतु बहुतेक ठिकाणी त्यांनी भोयांना, कोळ्यांना विचारले, ‘तुम्ही याला काय म्हणता?’ आणि तेच नाव शास्त्रात घातले. त्यामुळे आजही जगातला कोणताही मत्स्यतज्ज्ञ त्या माशांना खुद्री, मुसुल्ला, कोळस, पोटील, फुलंगी, बाळुकी, नुक्टा अशा नावांनी ओळखतो. महसीरच्या एका जातीचे जागतिक नावच टॉर खुद्री आहे. थॉमस यांनी इथल्या माशाला आपल्या घरचे नाव दिले. साइक्सनी इथले नाव विचारून घेतले. दोघेही परके, दोघेही राज्यकर्त्यांचे नोकर. पण परक्या मुलखात राहण्याच्या या दोन रीती आहेत, आणि आपल्यासारख्यांनी त्यांत निवड करावयाची असते. दादांना मी पट्टेवाल्याचे त्यांच्या बोलीतले नाव विचारले, ते माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. ते नाव सांगताना त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

आता त्या ओढ्यांची आजची स्थिती. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले. सुरतेला, शेतीला, उद्योगांना पाणी व वीज मिळाली. शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. आपण सुरतकर त्या पाण्याचे लाभधारक आहोत, तेव्हा त्यावर टीका करताना नळ बंद करून बोलावे. ओढ्यांचे दुखणे मात्र धरणाहून अधिक लहान-लहान गोष्टींतून आले. वरच्या अंगाला कूपनलिका झाल्या, ओढ्यावर ठिकठिकाणी बांध पडले, बांधकामासाठी खडी-वाळू उपसली गेली. पूर्वी होळीपर्यंत वाहणारे काही ओढे आता संक्रांतीलाच तुटतात. बांधामागे पाणी साचते, पण साचलेले पाणी पट्टेवाल्याच्या उपयोगाचे नाही, आणि चढणीच्या दिवसांत त्याच्या वाटेत भिंत उभी राहते. त्यातच कोणी फवारणीचे औषध टाकतो, कोणी सुरुंगाची दारू उडवितो; एका धमाक्यात पोतेभर मासे, आणि मग तीन पावसाळे काही नाही.

या साचलेल्या पाण्यात एक नवा रहिवासी सुखाने नांदतो, तो म्हणजे तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली खाद्य म्हणून भारतात आणला गेला. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे प्रजा झपाट्याने वाढते. गढूळ, उबदार, कमी प्राणवायूचे पाणी त्याला चालते. मी वर सांगितलेल्या शंभर उपद्रवींच्या यादीत हाही आहे. गरिबाच्या ताटात तो स्वस्तात पोचतो, हा त्याचा गुण नाकारता येत नाही. पण मी पाहिले आहे की, जिथे ओढा वाहता राहिला तिथे पट्टेवाला अजून टिकून आहे, आणि जिथे ओढ्याचे तळे झाले तिथे तिलापियाच उरला. आधी माणसाने ओढा बिघडविला, मग नवा मासा माजला. दोष केवळ पाहुण्याला देता येत नाही. त्याच्यासाठी घर कोणी रिकामे केले, हेही पाहावे लागते.

माझा नातू सुरतेत वाढतो आहे. त्याच्या मराठीत गुजराती आणि इंग्रजी इतकी मिसळली आहे की पुण्याच्या आत्याबाईंनी ऐकले तर त्या प्रश्न विचारण्याचेही सोडून देतील. गेल्या कार्तिकात मी त्याला दादांच्या ओढ्यावर नेले. दादा आता नाहीत. त्यांच्या मुलाने आम्हाला वाट दाखविली. गळाचा काटा मी पक्कडीने दाबून टाकला होता, म्हणजे मासा सुटताना फाटत नाही. पोराला तासाभराने एक पट्टेवाला लागला. त्याने तो ओल्या हातात धरला, पट्टे मोजले, पाण्यात सोडला, आणि दादांच्या मुलाला विचारले, ‘काका, तुम्ही याला काय म्हणता?’ त्याने सांगितलेले नाव पोराने दोनदा घोकले.

आपण मूळचे कुठले, या प्रश्नाचे नेमके उत्तर मला अजून सांगता येत नाही, आणि ते सांगता आलेच पाहिजे असे आता वाटतही नाही. जन्माने माणूस एखाद्या ठिकाणचा होतो हे त्या वाटाड्याने सांगितले. त्या ठिकाणचा हिशेब कळल्याने होतो हे दादांनी दाखविले. पहिले आपल्याला आयते मिळाले आहे. दुसऱ्यासाठी या मुलखातल्या पाण्याकडे, झाडांकडे, त्यांची नावे जाणणाऱ्या माणसांकडे वेळ काढून जावे लागते. मंडळाच्या वाचकांपैकी कोणाला डांगच्या वाटेवर एखादा वाहता ओढा लागला, तर पुलावर गाडी थांबवून क्षणभर खाली पाहावे. आपली सावली मात्र पाण्यावर पडू देऊ नये. दगडाच्या आडोशाला, धारेकडे तोंड करून उभा असलेला एखादा बारीक, पट्ट्यांचा मासा दिसला, तर तो ओढा अजून जिवंत आहे असे समजावे.